खरड छाटणीनंतरचं पाणी

भाऊ, द्राक्षबागेत घड्याळ लावून ड्रिप सुरू करू नकोस. ड्रीपरखाली वीतभर उकरून माती मुठीत दाब. गोळा होतोय पण हाताला चिखल लागत नाही, म्हणजे वापसा आहे, मुळांना हवी तेवढी ओल आहे. त्या दिवशी मोटर बंदच ठेव.

एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठी वेल आखूड छाटणं, झाली की फुटी जोमात येईपर्यंत पाण्याची कसर नको. छाटणीपासून साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते, म्हणजे डोळ्यात पुढच्या घडाची सुरुवात होते. तेव्हा पाणी थोडं तोडायचं, म्हणजे शेंडा आवरतो. थोडंच बरं का! शेंड्याकडच्या बाळ्या (आधाराला गुंडाळणारे तंतू) वाळून गळू लागल्या तर ताण जास्त झालाय. आपल्याकडे मात्र उलटंच जास्त दिसतं: भीतीपोटी भरमसाट पाणी पाजतात आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर गोळी घड, म्हणजे नीट न वाढलेले घड, निघाले की औषधाला दोष देतात.

बोदावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंच वरंब्यावर) उसाचं पाचट अंथर, भर उन्हाळ्यात त्याच्याइतका स्वस्त आधार नाही. डॉगरीज या खुंटावर कलम असेल तर वेल तग धरते, पण मणी फुगताना ताण तिलाही सोसत नाही. आणि मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, कोरड्या बागेला एकदम भरपूर पाणी सोडू नकोस, मणी तडकतात. रोज थोडं थोडं वाढव.