शेवटचा तास कुणाला देऊ नकोस

वेंगुर्ले

अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपतीत मुंबईची भावंडं येणार, पाच जण खेळायला बसणार, आणि तू चालवणार असलेल्या वन-शॉटची, म्हणजे एकाच बैठकीत संपवायच्या डी अँड डीच्या डावाची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट रंगवत फाशांवर खेळायचा खेळ), तयारी अठरा पानांवर गेली तरी तू म्हणतेस, "सुरुवातच पक्की होत नाही." अगं, सुरुवातीचं काय घेऊन बसलीस? शेवट कुठाय? राजघराण्याच्या तीन पिढ्या आहेत, देवीचा कोप आहे, बंदरातल्या जकातीचे दरसुद्धा आहेत. जकात मला आवडली, खोटं कशाला बोलू. पण ती तुला कुणी विचारणार नाही.

आधी वेळ मोज. जेवणं उरकून माणसं बसेपर्यंत अडीच वाजणार आणि सातला आरती. त्यात चहा, कुणाचा तरी फोन, मधेच "नारळ खवून दे गो" म्हणणारी काकू. हातात जेमतेम साडेतीन तास. पाच खेळाडू असले की एक बरी लढाई तासभर सहज खाते. म्हणजे दोन लढाया, थोडी बोलाचाली, आणि शेवटचा तास. हा तास कुणालाही द्यायचा नाही. सहा वाजले की पात्रं कुठेही असोत, त्यांना शेवटाच्या तोंडाशी आणून उभं करायचं. मधली भुयारं राहिली तर राहू देत. लढाई रेंगाळली तर राक्षसाचे हिट पॉइंट, म्हणजे त्याच्यात किती जीव उरलाय तो आकडा, निम्मे कर. कुणाला कळत नाही.

पात्रं तूच तयार करून ने. डी अँड डी १९७४ साली आलं आणि लगेच त्याच्या स्पर्धाही भरू लागल्या. तिथे वेळ बांधलेला, म्हणून पात्रं आयोजकच हातात देत. तिसऱ्या लेव्हलची, म्हणजे ताकदीच्या तिसऱ्या पायरीवरची कर, त्याहून वर नको; नवखा माणूस स्पेल, म्हणजे पात्राचे मंत्र, वाचत बसतो. प्रत्येक पात्राच्या माहितीच्या शीटवर एकच ओळ लिही: या बेटावर तुझं काय अडकलंय. आणि खेळ होडीतच सुरू कर, किनारा दिसत असताना. खानावळीत ओळखीपाळखी करत बसलात तर तासभर तिथेच जाईल.

तुझा किल्ला सिंधुदुर्गावर बेतलाय हे पहिल्या पानावरच कळलं. त्याचा दरवाजा बुरुजांच्या आड असा दडवलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. छान आहे. पण तो सापडणं तू एका डी-ट्वेंटीवर, वीस बाजूंच्या फाशावर ठेवलंयस! चार आला की काय करणार, पाचही जण तटाला वळसे घालत बसणार? दार सापडतंच. फासा एवढंच ठरवतो की सापडेपर्यंत काय गमावलं: दोरी, मशाल, की होडीवाला. शेवटाकडे जाणारी वाट फाशावर टांगायची नसते.

भरती मात्र वापर, फुकटचं घड्याळ आहे. ओहोटीपासून पूर्ण भरतीला सहा तासांच्या थोडं वरच लागतं. कागदावर सहा रेघा मार, तीन वाजल्यापासून दर अर्ध्या तासाला एक खोड. सहाला पाणी उंबऱ्यावर. घाई तू करायची नाहीस, समुद्र करेल.

दशावतार तू लहानपणापासून बघतेस. संवाद कुठे लिहिलेले असतात? आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर. राजा आणि राक्षस शब्दाला शब्द भिडवत तासभर रंगतात, लोक पेंगतात, पुन्हा जागे होतात. पण उजाडायच्या आत राक्षस पडतोच, कारण सकाळी दहीकाला असतो. ते मोकळे बोलू शकतात, कारण कुठे पोचायचंय ते ठरलेलं असतं.

मी खेळाडूंना फरफटत नेतो, असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलोत. जिंकायचं की पळायचं, कुणाला वाचवायचं, कुणाला मागे टाकायचं, हे सगळं त्यांच्याच हातात असतं. शेवट होणार की नाही, एवढं मी त्यांच्या हातात देत नाही. माझा एक जुना खेळ एका बंद दारापाशी थांबलाय. पुढच्या सुट्टीत उघडू म्हटलं, आणि मग एक जण मस्कतला गेला, दोघं पुण्याला, एकीचं लग्न झालं. त्यातला एक अजून दर गणपतीत विचारतो, दारामागे काय होतं? मी सांगत नाही. सांगितलं तर ती नुसती माहिती होईल. म्हणून मी हट्टी आहे, आणि राहणार.

तुला आता वाटत असेल, दोन तास आणखी मिळाले तर बरं, उरलेलं दुसऱ्या दिवशी खेळू. नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जन, तिसऱ्या दिवशी तुतारी एक्स्प्रेस. त्याच दुपारी संपव.

तेव्हा शेवटचा प्रसंग चार ओळींत लिही आणि मला पाठव. बाकीचं नंतर बघू. आणि शीटा छापून घे, मोबाईलवर ठेवू नकोस. गणपतीत तुमच्याकडे लाईटचा भरवसा नसतो.

तुझा,
काका