वाचकांचे प्रश्न : रोडग्यांची पैज आणि नाणेफेकीचा हिशोब

प्रश्न : २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यावर माझी आणि माझ्या साडूंची रोडग्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, जेवणाची पैज लागली होती. विदर्भ जिंकेल, असे मी म्हणालो होतो. सामना अनिर्णित राहिला, करंडक मात्र विदर्भाला मिळाला. सामना कोणीच जिंकला नाही, तेव्हा पैज मोडली, असे साडूंचे म्हणणे आहे. जेवण अजून झालेले नाही. आपण निवाडा करावा.
— एक शेतकरी, ता. चांदूर बाजार

उत्तर : निवाडा आपल्या बाजूने आहे. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर २६ फेब्रुवारी ते २ मार्च या काळात झालेल्या त्या सामन्यात विदर्भाने पहिल्या डावात ३७९ धावा केल्या, केरळचा डाव ३४२ धावांत आटोपला आणि या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो, हा नियम दोन्ही संघांना आधीपासून ठाऊक असतो आणि त्यांचे सगळे डावपेच त्यालाच धरून आखलेले असतात. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला, तो बळी एवढा मोलाचा का होता, हे या नियमाशिवाय समजणारच नाही. दानिश मालेवारच्या १५३ धावा आणि त्याच हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन केलेला रणजीचा विक्रम पाहिल्यावर ‘कोणीच जिंकले नाही’ असे म्हणणे त्या मुलांच्या कष्टांवर अन्याय करणारे आहे. तेव्हा कणीक, डाळ आणि वांगी साडूंनी आणावीत. गोवऱ्या आपण पुरवाव्यात, म्हणजे जेवताना कोणाच्या मनात अढी राहणार नाही. अशा पैजा मला मनापासून आवडतात, कारण हरणाराही पंगतीत बसतो.

प्रश्न : भारताच्या पुरुष संघाने एकदिवसीय सामन्यांत सलग २० नाणेफेकी गमावल्या. माझा मित्र म्हणतो की, दर वेळी रक्कम दुप्पट करत भारतावर लावत गेले, तर कधी ना कधी नाणेफेक जिंकली जातेच आणि सगळे पैसे वसूल होतात. हे खरे आहे का?
— एक विद्यार्थी, ता. दर्यापूर

उत्तर : तुमच्या मित्राने कागद-पेन्सिल घेऊन हा हिशोब एकदा पुरता मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून सुरू झालेली ही मालिका ६ डिसेंबर २०२५ रोजी विशाखापट्टणमला के. एल. राहुलने नाणेफेक जिंकली तेव्हा संपली. १०० रुपयांपासून सुरुवात करून दर वेळी रक्कम दुप्पट केली असती, तर दहाव्या पराभवापर्यंत एकूण १,०२,३०० रुपये गेले असते आणि विसाव्यापर्यंत १०,४८,५७,५००. एकविसाव्या नाणेफेकीवर १०,४८,५७,६०० रुपये लावावे लागले असते, तेही सरतेशेवटी अवघे १०० रुपये कमावण्यासाठी.

तेवढेही मिळाले नसते, कारण बरोबरीच्या खेळात बुकी शंभराला शंभर देत नाही. त्याचा भाव ९० पैसे आहे असे समजा, म्हणजे १०० रुपये लावून जिंकणाऱ्याला वर ९० मिळतात. दोन बाजूंनी दोघांनी शंभर-शंभर लावले, तर त्याच्याकडे २०० येतात, जिंकणाऱ्याला तो १९० देतो आणि कोणीही जिंकले तरी १० रुपये त्याच्याकडे उरतात. या भावाने तुमच्या मित्राने विशाखापट्टणमची नाणेफेक जिंकली असती, तरी तो १,०४,८५,६६० रुपयांनी बुडालेलाच राहिला असता. राहता राहिली ‘आता तरी जिंकणारच’ ही भावना. सलग २० वेळा हरण्याची शक्यता सुमारे साडेदहा लाखांत एक असते हे खरे, पण १९ वेळा हरून झाल्यावर विसाव्यांदा हरण्याची शक्यता पुन्हा निम्मीच असते. आधी काय झाले याचा नाण्यावर काहीही परिणाम होत नाही. घरात कापसाचे चुकारे आलेले असताना असा विचार डोक्यात घोळत असेल, तर तो आजच काढून टाकायला हवा, आणि हे सांगायला तुमच्याइतका जवळचा माणूस त्याला दुसरा नाही.

प्रश्न : मोबाइलवर एका अनोळखी माणसाने मला सलग पाच सामन्यांचे विजेते आधीच अचूक सांगितले. सहाव्यासाठी तो २,००० रुपये मागतो. द्यावेत का?
— एक नोकरदार, ता. पवनी

उत्तर : एक रुपयाही देऊ नये. अशी माणसे काय करतात, ते पाहा. पहिल्या सामन्याआधी ६४० जणांना संदेश जातात. निम्म्यांना एक संघ जिंकेल असे कळवले जाते, उरलेल्यांना दुसरा. ज्या ३२० जणांना बरोबर उत्तर मिळाले, त्यांचीच पुढे पुन्हा निम्मी-निम्मी वाटणी होते. पाच सामन्यांनंतर २० जण असे उरतात की, ज्यांना या माणसाचे एकदाही चुकलेले दिसत नाही. आपण त्या विसांतले आहात. ज्यांना चुकीचे उत्तर मिळाले, ते ६२० जण आपल्याला कधी भेटत नाहीत.

शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घातली आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे आधीच दिले असतील, तर विलंब न करता सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

प्रश्न : शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, मी मित्राशी बैलजोडीवर ५,००० रुपयांची शर्त जिंकलो. तो पैसे देत नाही. दावा लावता येईल का?
— एक वाचक, ता. लाखांदूर

उत्तर : लावता येणार नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य ठरतो आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींविषयीचा कायदा वैध ठरवला, त्यामुळे पट पुन्हा उजळ माथ्याने भरू लागले, याचा आनंद मोठा आहे. पण ती मोकळीक जोडी पळवण्याची आहे, तिच्यावर पैसे लावण्याची नाही. पोलिसांत गेलात, तर आपणही शर्त लावल्याचे आपल्याच तोंडून सांगाल. पुढच्या पटाला मित्राला बरोबर न्यावे, जोडी आणि ती हाकणारा धुरकरी दोघांनी मिळून डोळे भरून पाहावेत, रात्रीच्या झाडीपट्टी नाटकाची दोन तिकिटे त्याला काढायला लावावीत आणि तेवढ्यावर हा हिशोब मिटवावा.