छतातल्या त्या तीन काळ्या वायरींपैकी एकही कापू नका

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा लिहितो, चूक असेल तर सांगा. ठाण्यातली 1985 ची इमारत. हॉलमधला लाकडी गोल ब्लॉक आणि पिनवाला होल्डर काढून तिथे 18 वॅटचं गोल एलईडी पॅनेल बसवायचंय. ब्लॉक काढल्यावर दोन लाल, तीन काळ्या, एक पिवळी असा कापडी टेप गुंडाळलेला गुंता खाली लोंबला. दिव्याला दोनच वायरी लागतात, तेव्हा बाकीच्या कापून, टेप मारून आत कोंबल्या तर चालेल का?

नाही चालणार. त्या सहापैकी फालतू एकही नसावी. त्या काळच्या स्लॅबमध्ये पाइप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना छतातल्या डब्यातूनच जायचे, आणि वायरमन वायर वाचवायला तिथेच लूप मारायचे, म्हणजे तिथेच जोड देऊन वायर पुढच्या खोलीत न्यायचे. त्यामुळे वायरी दिव्याच्या जागी दिसल्या तरी त्या सगळ्या दिव्याच्या नसतात. माझा अंदाज असा: दोन लाल म्हणजे पुढच्या बोर्डाकडे जाणारा फेज (करंट आणणारी वायर), त्याचा तुमच्या दिव्याशी संबंधच नाही. पिवळी म्हणजे बटणातून आलेली वायर. तीन काळ्या म्हणजे न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर), एक येणारा आणि दोन पुढच्या खोल्यांना जाणारे.

हे मी शिकलो ते डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरात, हात पोळूनच म्हणा. तीन काळ्यांचा पीळ सोडला, दोन जोडल्या, तिसरी "जास्तीची" म्हणून टेप मारून वर सरकवली. हॉलचा दिवा झकास लागला. संध्याकाळी स्वयंपाकघरात अंधार, आणि तिथल्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय! मला वाटलं दोन फेज आले. वायरमनकाका आले, हसले आणि म्हणाले, "न्यूट्रल तोडलास." स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण चालू होतं, त्या बल्बमधूनच फेज तुटलेल्या न्यूट्रलवर उतरला होता. म्हणजे दिवा लागत नाही, पण काळ्या वायरीला हात लावला तर झटका. "काळी आहे, काही होत नाही" या समजुतीवर कधीच विसंबू नका.

याच कारणासाठी काम करताना फक्त लाइटचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, पाडून भागत नाही. तो फेज तोडतो, न्यूट्रल तसाच राहतो. जुन्या घरांत एका सर्किटने दुसऱ्याचा न्यूट्रल उसना घेतलेला सर्रास सापडतो. तुम्ही पीळ उघडला आणि दुसरीकडे पंखा फिरत असेल तर सुटलेल्या टोकावर 230 व्होल्ट येतात. मेन स्विचच पाडा, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. जुना चिनी मातीचा किटकॅट फ्यूज उपसणं पुरेसं नाही. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला की इन्व्हर्टर समजतो लाइट गेली आणि इमानदारीत छतात करंट सोडतो. उलट नुसता इन्व्हर्टरचा खटका बंद केला तर मेनचा करंट त्यातून तसाच पुढे जातो. दोन्ही बंद हवेत.

आता ओळख. मेन बंद असताना पीळ न सोडता फक्त टेप काढा, मोबाइलवर फोटो घ्या, तिन्ही गठ्ठे एकमेकांपासून लांब वाकवा. मग मेन चालू करून फक्त टेस्टरचं टोक लावायचं, दुसरा हात खिशात. लाल कायम पेटायला हवी, पिवळी बटण चालू असतानाच, काळी कधीच नाही. पिवळी बटण बंद असतानाही पेटली, तर बटण बहुधा न्यूट्रलवर टाकलंय. ते आधी बोर्डात दुरुस्त करून घ्या, नाहीतर एलईडी रात्रभर मिणमिणत राहील आणि बटण बंद करूनही फिटिंगमध्ये फेज असेल. रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका, वायरमनच्या पिशवीत जे बंडल उरलं असेल त्याचा रंग तुमच्या छतात असतो. ओळख पटली की प्रत्येकीला चिकटपट्टीची खूण करा आणि मेन पुन्हा पाडा.

जोडायला पीळ आणि टेप नको. पॅनेलच्या उष्णतेने आणि आपल्याकडच्या मे महिन्याने टेपचा गोंद पातळ होतो, दोन वर्षांत टेप सुटून लोंबतो. खटक्याचे, म्हणजे लिव्हरवाले कनेक्टर घ्या. दोन, तीन आणि पाच वायरींचे मिळतात. तुम्हाला पाचाचा एक, दोनाचे दोन. पाचाच्यात तीन काळ्या आणि चौथी पॅनेलची न्यूट्रल. दोनाच्या एकात दोन्ही लाल, दुसऱ्यात पिवळी आणि पॅनेलची फेज. टोकाचं आवरण साधारण 11 मिमी सोला, माप कनेक्टरवरच छापलेलं असतं. खटका लावल्यावर प्रत्येक वायरीला एक हिसका द्या. टोकांना डाग देऊन स्क्रूखाली घट्ट करायचा सल्ला जुने लोक देतात, पण कथिल दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो, मी तो नाद सोडला.

तिथे वर्षानुवर्षं 100 वॅटचा बल्ब होता असं तुम्ही लिहिलंय. मग टोकाचं आवरण भाजून कडक झालं असणार. वाकवल्यावर तडकतं तेवढं कापून चांगल्या भागापर्यंत मागे जा. वायर आखूड पडली तर दीड चौरस मिमीच्या वायरीची शेपटी जोडा. पाइपाच्या आतपर्यंत आवरणाचा भुगाच होत असेल तर मात्र हात थांबवा. नवी वायर ओढणं हे परवानाधारक वायरमनचं काम.

पॅनेल सपाट बसत नाही म्हणून स्लॅब फोडून डबा मोठा करू नका, आत सळया आणि पाइप आहेत. डब्यात सांडलेलं सिमेंट खरवडून काढा, बहुधा तेवढ्याने जागा होते. नाहीच झाली तर खाली गोल पीव्हीसी जंक्शन बॉक्स लावून त्यावर पॅनेल. इंचभर खाली दिसेल, दिसू दे. अर्थिंग तिथे नाहीच, त्यामुळे चौकोनात चौकोन अशी खूण असलेलं दुहेरी इन्सुलेशनचं पॅनेल घ्या. धातूची बॉडी आणि अर्थचा स्क्रू असलेलं आणलं असेल तर बदलून आणा, अर्थ न्यूट्रलला जोडण्याचा शहाणपणा कुणी शिकवला तरी करू नका.

सगळ्यात आधी एक तपासा. मेन बंद करून लाल वायरीचं टोक ब्लेडने खरवडा. वरून चंदेरी आणि आत तांबूस निघाली तर कल्हई केलेलं जुनं तांबं आहे, वरचं सगळं लागू. आतही चंदेरीच असेल तर ती ॲल्युमिनियम, आणि तिला नव्या तांब्याच्या वायरीशी या साध्या कनेक्टरांत जोडायचं नाही. काय निघालं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.