तळघरात अभ्यासाची खोली करण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या घराचे तळघर अनेक वर्षे अडगळीसाठीच वापरले जात आहे. तेथे इन्व्हर्टरची बॅटरी, एक भरलेला गॅस सिलिंडर आणि जिन्याखाली उरलेल्या रंगाचे व थिनरचे डबे ठेवलेले आहेत. एका भिंतीवर पांढरी भुकटी दिसते व एक तडाही गेला आहे. आता तेथे मुलांसाठी अभ्यासाची खोली करण्याचा विचार आहे. भिंतीच्या दुरुस्तीखेरीज आणखी काय तपासून घ्यावे?
— एक वाचक

उत्तर : भिंतीकडे आपले लक्ष गेले हे योग्यच झाले, परंतु आपले पत्र वाचताना मला अधिक काळजी वाटली ती सिलिंडरची. स्वयंपाकाचा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. त्यामुळे तो गळला तर वर जाऊन विरत नाही, तर जमिनीलगत पसरत सर्वांत खोल जागी जाऊन साचतो, आणि घरातील सर्वांत खोल जागा म्हणजे तळघरच. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते खरे, पण जेथे आठवडेच्या आठवडे कोणी उतरत नाही तेथे त्या वासाचा उपयोग होत नाही, आणि साचलेला गॅस पेटायला दिव्याच्या बटणातील बारीक ठिणगीही पुरते. म्हणून सिलिंडर आजच वर, मोकळ्या हवेत हलवावा. दारातच गॅसचा वास आला, तर मात्र आत पाऊल टाकू नये, कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये; सर्वांना घेऊन घराबाहेर पडावे आणि मग मदत बोलवावी. थिनरची वाफही हवेहून जड असते, तेव्हा ते डबेही तेथे नकोत.

बॅटरीचे नेमके उलट आहे. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. तो अतिशय हलका असल्याने छताखाली जमतो आणि हवेतील त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की पेट घेऊ शकतो. बॅटरी शक्यतो तेथून हलवावीच. हवा खेळण्यासाठी झरोका वर आणि खाली, दोन्हीकडे हवा, कारण एकच उंच झरोका जड वायूला बाहेर काढू शकत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. जनरेटर, कोळशाची शेगडी, गॅसचा गीझर यांतून तो निघतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तळघरात डोके दुखणे, मळमळणे आणि वर आल्यावर बरे वाटणे ही त्याची खूण असू शकते. ती कधीही थकवा म्हणून सोडून देऊ नये. ज्वलनाचे कोणतेही साधन जवळपास असेल, तर या वायूचा अलार्म बसवावाच. जमिनीतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू मात्र केवळ मापकानेच कळतो. मुले रोज कित्येक तास तेथे बसणार असल्याने तो एकदा मोजून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली कमाल पातळी घनमीटरला 100 बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) आहे.

आता भिंत. ती पांढरी भुकटी म्हणजे भिंतीतून आलेल्या पाण्याने मागे ठेवलेले क्षार. ती स्वतः घातक नाही, पण पाणी येत असल्याचा पुरावा आहे. ओलसर जागी ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूला ओल आली तर पाणी भिंतीतून येते, बाहेरच्या बाजूला आली तर खोलीतील दमट हवेतलीच वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन जमते. कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा. तडा आडवा असेल आणि भिंत आत फुगलेली असेल, तर रंगकाम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. बारीक उभ्या तड्याच्या टोकांशी पेन्सिलीने तारीख लिहून तो वाढतो का ते पाहावे. ओल आहे तेथे विजेच्या मंडलाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, आणि तळघरात पाणी भरल्यास वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही त्यात उतरू नये.

शेवटची गोष्ट बाहेर पडण्याच्या वाटेची. आपले डबे जिन्याखाली आहेत, म्हणजे तेथे आग लागली तर वर येण्याची तीच वाट आधी बंद होईल. मुलाला आतून सहज उघडून बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दुसरे दार करता येत नसेल, तर इतर सारे ठीक असूनही मी त्या खोलीत मुलांना बसवणार नाही.