पुतळ्यावर सराव करून डॉक्टरचा हात बसतो का?

तुमची मुलगी ग्वाल्हेरला एमबीबीएस करतेय, तिथे सुई टोचायला आधी रबरी पुतळ्यांवर शिकवतात, आणि हात तर पेशंटवरच बसतो, मग हे कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी इथेच लष्कर भागात राहते. भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं मुलांना शिकवते.

काही गोष्टी पुतळ्याशिवाय शिकवताच येत नाहीत. हृदय थांबलेल्या माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाबायची आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. धडधाकट माणसावर याचा सराव कसा करणार? बरगडी मोडेल. नवी मुलं जोरात सुरुवात करतात, थोड्याच वेळात दमतात, दाब उथळ होतो आणि त्यांचं त्यांना कळतही नाही. मीटर असलेल्या पुतळ्यावर ते लगेच दिसतं. दर दोन मिनिटांनी दाबणारा का बदलायचा, हे मग सांगावं लागत नाही.

श्वासनलिकेत नळी घालतानाही तेच. लॅरिंगोस्कोप, म्हणजे घसा दिसावा म्हणून तोंडात घालायचं दिव्याचं पातं असलेलं उपकरण, डाव्या हातात धरून पुढे-वर उचलायचा असतो. नवशिके तो वरच्या दातांवर टेकवून पहारीसारखा वापरतात. काही पुतळ्यांत दातांवर जास्त दाब आला की टक् असा आवाज येतो. माणसाचा दात तुटण्यापेक्षा तो आवाज बरा.

शिरेच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं बरोबर आहे. रबरी हात आखडत नाही, त्याला भीती वाटत नाही. जानेवारीत भिंड-मुरैन्याहून आलेल्या म्हाताऱ्या आजोबांची शीर थंडीने आक्रसलेली असते. हात शेकून, खाली लोंबता ठेवून, त्यांच्याशी बोलत बोलत ती शोधावी लागते. हे वॉर्डातच येतं. पण पट्टा बांधणं, सुईचा कोन, रक्त दिसल्यावर कॅन्युला (शिरेत राहणारी बारीक प्लास्टिकची नळी) पुढे सरकवणं, पट्टा सोडणं, सुई लगेच डब्यात टाकणं, हा क्रम आधी अंगवळणी पडलेला असला तरच मुलीचं लक्ष आजोबांच्या चेहऱ्याकडे राहील.

2019 च्या नव्या अभ्यासक्रमापासून मेडिकल कॉलेजात स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यांवर सराव करायची खोली, सक्तीची आहे. मला काळजी वेगळीच वाटते: एकजण करतो, बाकीचे मागून बघतात, आणि हजेरी लागते. म्हणून मुलीला विचारा, स्वतःच्या हाताने किती वेळा केलं? काय चुकलं ते नंतर कुणी बसून सांगितलं का? नसेल, तर चार-पाच मैत्रिणींनी मिळून सरांकडे लॅब उघडी ठेवायची परवानगी मागावी. मुलांनी स्वतःहून विचारलं की बहुतेक शिक्षक आनंदाने थांबतात.