हारतुरे आणि भाषणं सोडली तर सांस्कृतिक देवाणघेवाणीतून देशाला आणि साध्या माणसाला काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक संबंध म्हणून जे काही चालतं, त्यातले हारतुरे आणि भाषणं वजा केली तर कुणाच्या पदरात काय पडतं. मी सोलापूरचा, चादरीच्या धंद्यातला. परराष्ट्र धोरण वगैरे मला कळत नाही, पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर आमच्या कारखान्यातच टांगलेलं आहे.

सोलापुरी चादरीवरचा मोर छापलेला नसतो, विणलेला असतो. ते काम मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जॅकार्डचं. फ्रान्समधल्या लियाँ या रेशमाच्या शहरात जोसेफ मारी जाकारनं ते 1804 च्या सुमारास तयार केलं. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकाला एक शिवून त्यांची लांब माळ करतात. भोक समोर आलं की त्या जागची सुई आत जाते, हुक उचलला जातो आणि त्याच्यासोबत ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसलं की धागा खालीच. एक कार्ड म्हणजे धोट्याची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळीची, एक फेरी. नुसती मोराची मान उठवायची तरी कार्डांचा ढीग लागतो. माझे वडील (घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यांना नाना म्हणतो) 30 वर्षं ही कार्डं पाडत होते. लियाँ कुठं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

आता हिशेब बघा. माग फ्रान्सच्या डोक्यातला, विणकर तेलंगणातून पोटासाठी आलेले पद्मशाली, गिऱ्हाईक मराठी आणि कानडी, आणि भौगोलिक मानांकन मिळालं ते सोलापूरच्या चादरीला. आमच्या शेंगाचटणीची गोष्टही तीच. शेंगदाणा आणि मिरची, दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. ती वजा केली तर खलबत्त्यात लसूण आणि मीठ उरेल.

हा तर व्यापार झाला, संस्कृती कुठं आली, असं तुम्ही म्हणाल. मग भैय्या चौकात या. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनकडून मदतीची विनंती आली आणि काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. त्यातले हे सोलापूरचे, तेव्हा वय 27. बाकीचे चौघे पुढे परत आले. हे राहिले, चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असताना, 9 डिसेंबर 1942 ला ते गेले, वय 32.

यानं देशाला काय मिळालं? सरळ सांगतो, 1962 चं युद्ध टळलं नाही आणि 2020 चं गलवानही टळलं नाही. सांस्कृतिक संबंधांनी शांतता येते असं छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पण 2014 मध्ये शी चिनफिंग दिल्लीत आले तेव्हा कोटणीसांच्या बहिणीला भेटले. त्यांच्या आधीच्या चिनी नेत्यांनीही या कुटुंबाची भेट घेतलेली आहे. एकमेकांकडे डोळे वटारून बसलेल्या दोन देशांना बोलणं सुरू करायला एक तरी विषय लागतो, आणि तो आमच्या गावच्या एका डॉक्टरनं देऊन ठेवला. दोन्हीकडच्या तोफा मोजल्या तर हे थोडं आहे. पण फुकट मिळालेलं नाही.

परीक्षेसाठी विचारत असाल तर दोन गोष्टी टिपून ठेवा. मौलाना आझादांनी 1950 मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद काढली, तिच्या शिष्यवृत्तीवर परदेशी मुलं भारतात शिकतात. आणि फ्रान्स-जर्मनीनं 1963 च्या मैत्री करारानंतर दोन्हीकडच्या तरुणांना एकमेकांकडे पाठवण्यासाठी कायमचं कार्यालयच उभं केलं. त्यांच्या आजोबांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या.

राहता राहिला साधा माणूस. एकदा आमच्या भागात परदेशी पाहुण्यांचं शिष्टमंडळ आलं होतं. लेझीम झालं, शाली झाल्या, फोटो झाले, वीस मिनिटांत गाड्या गेल्या. मागाला हात एकानंही लावला नाही. अशा दौऱ्यांबद्दल तुमचा संशय बरोबर आहे.

पण काही वर्षांपूर्वी विणकाम शिकणारी एक जपानी मुलगी आली, ती बारा दिवस राहिली. नानांशेजारी स्टुलावर बसून प्रत्येक गाठीचं नाव विचारायची. काही गाठींना नावच नव्हतं, आम्ही नुसतं ‘हे’ म्हणतो. नाना वैतागले, ‘हिला दुसरं काम नाही का?’ तिसऱ्या दिवशी तिनं चादरीवरच्या मोराच्या मानेवर बोट ठेवलं. तिथं नक्षी जरा अडखळत होती. नानांनी माळ उतरवून तपासली. एक कार्ड दोनदा पाडून दोनदा शिवलं गेलं होतं. चूक त्यांचीच, जुनी. त्या माळेवर निघालेल्या प्रत्येक चादरीत मोराला ती उचकी होती आणि इतक्या वर्षांत ना मालकाला दिसली ना गिऱ्हाइकाला. नाना दिवसभर गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला हाक मारून पुठ्ठा हातात दिला आणि भोक कसं पाडायचं ते शिकवायला बसले.

डिझाइन कॉम्प्युटरवर गेल्यामुळे जुनी कार्डं मी तेव्हा रद्दीवाल्याला द्यायला काढली होती. भावही ठरला होता. नाना म्हणाले, नाही. अजून ती पोत्यांत भरून माळ्यावर आहेत, उंदरांशी माझं रोजचं भांडण चालतं.

वर्षभरानं तिच्याकडून पाकीट आलं. तिच्या कॉलेजातल्या मागावर विणलेला हातरुमालाएवढा तुकडा, आमचाच मोर. बायकोनं कौतुकानं नानांपुढे धरला. त्यांनी तो आधी उलटा केला, मागचे धागे बघितले, मग चष्मा चढवून मानेवरच्या ओळी नखानं मोजायला लागले.