पत्नीला सहावा महिना लागतो आहे. बाळ येण्यापूर्वी दोघांनी दोन दिवस कोणत्या शहरात जावे आणि आखणी कशी करावी?

आपण पुण्यात राहता, हे पहिलेच बाळंतपण आहे, डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नसल्याचे सांगितले आहे, जयपूर, हैदराबाद आणि मुंबई यांपैकी कोणते शहर निवडावे हे ठरत नाही आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तिन्हींपैकी एकही पसंत नाही, एवढे आपण प्रश्नात लिहिले आहे. आम्हीही पुण्याचेच. माझ्या चोविसाव्या आठवड्यात आम्ही दोघे असेच दोन रात्रींसाठी बाहेर पडलो होतो, तेव्हा पोट सांभाळत चालणाऱ्या व्यक्तीच्या बाजूने मी हे उत्तर लिहीत आहे. या सहलीची आखणी बहुधा नवरे करतात आणि त्यात नेमके तेच राहून जाते, जे त्यांच्या शरीराला कळण्याची सोय नसते.

माझ्या मते मुंबईच योग्य आहे आणि मुंबईतही फोर्ट, कुलाबा, मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव एवढाच पट्टा. जयपूर सुंदर आहे; परंतु विमानतळावरचे ताटकळणे, मग किल्ल्यांचे चढ आणि उन्हातले फरसबंद चौक यांत दोन दिवस संपून जातात. हैदराबादला रेल्वेने जायचे तर एका बाजूने आठ तासांच्या आसपास बसून राहावे लागते आणि गोवळकोंड्याला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. मुंबई ‘त्यात काय नवीन’ म्हणून आपण बाजूला ठेवली असेल, पण तेच तिचे मोठे सोयीचे अंग आहे. ओळखीच्या शहरात ‘हे पाहायचे राहिले’ अशी टोचणी लागत नाही आणि दुपारी तीन तास झोपून काढले तरी पैसे वाया गेल्यासारखे वाटत नाही.

दिवस निवडताना पंचांगाआधी तपासण्यांचे वेळापत्रक समोर ठेवा. साधारण अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या अवयवांची वाढ पाहणारी सोनोग्राफी, होतो. त्याचा अहवाल हाती आल्याशिवाय आरक्षण करू नये, कारण त्या आठवड्यातली धाकधूक घेऊन कुठेही गेले तरी मन रमत नाही. दुसऱ्या टोकाला सातव्या महिन्यातले डोहाळजेवण असते आणि त्यानंतर आपल्याकडची पहिलटकरीण बहुधा माहेरी जाते. म्हणजे मधले पाच-सहा शनिवार-रविवारच काय ते आपल्या हातात असतात आणि त्यांतलेही दोन कुणाच्या तरी लग्नात जातात. शुक्रवारी दोघांनी एकेक किरकोळ रजा टाकावी. तिच्या मातृत्व रजेला मात्र हात लावू नये. ती २६ आठवड्यांची असली, तरी बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी त्यांतले आठच आठवडे घेता येतात आणि शेवटच्या महिन्यात त्यांतला एकेक दिवस मोलाचा ठरतो.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मी एक चूक केली, ती आपण करू नका. गरोदर बाईने वेस ओलांडू नये असे सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी विज्ञानावर वाद घातला. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत नेले, तेव्हा उलगडा झाला. त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, ‘तिथे काही झाले तर कुणाच्या भरवशावर?’ आक्षेप वेशीला नव्हता, परक्या ठिकाणाला होता. त्याचे उत्तर देता येते. सीएसएमटी स्थानकाजवळच कामा हे स्त्रियांचे जुने सरकारी रुग्णालय आहे, परळला वाडिया प्रसूतिगृह आहे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि आमच्या बाबतीत तर दादरला माझी सख्खी मावशी होती. मावशीचे नाव निघताच परवानगी मिळाली. अर्थात त्या बदल्यात शनिवारचे दुपारचे जेवण मावशीकडे घ्यावे लागले आणि तीन पोळ्यांवर चौथी पोळी ‘दोन जिवांची’ म्हणून वाढली गेली. आपल्या नात्यात मुंबईला अशी मावशी असेल, तर एका जेवणाची तयारी ठेवा.

जाण्यासाठी मोटार नको, रेल्वेच बरी. द्रुतगती मार्गावर शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी रात्री किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो आणि घाटात वाहने खोळंबली की स्वच्छतागृह गाठणे अशक्य होते. सहाव्या महिन्यात दर तासाला उठावे लागते, हे लक्षात घेऊन आसन मार्गिकेच्या कडेचे आणि दरवाजापासून फार दूर नसलेले घ्या. खिडकी आपण घ्या. १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोहोचते. तिच्या भोजनयानात टेबलावर बसून ऑम्लेट-टोस्ट खाण्याची मजा निराळी आहे, हे मान्य. परंतु डब्यांमधल्या हलत्या जोडांवरून, तेही घाटात, पोट घेऊन चालत जाणे मला धोक्याचे वाटले. नवऱ्याने कटलेट जागेवर आणून दिले आणि मी ते बोगद्यांच्या उजेड-अंधारात खाल्ले. मोटारीनेच जाणार असाल, तर सीटबेल्टचा खालचा भाग पोटावरून न घेता पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवरून घ्यावा, वरचा भाग छातीच्या मधून न्यावा आणि दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. गरोदरपणात पायांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढलेली असते.

आता राहण्याची जागा. या सहलीत सर्वांत जास्त विचार आणि पैसा इथे घालावा, असे मी आग्रहाने सांगते, कारण आमची फजिती इथेच झाली. कुलाब्यातल्या एका जुन्या इमारतीतले निवासस्थान आम्ही छायाचित्रांवर भाळून घेतले. चौथ्या मजल्यावरची खोली, समुद्राची एक चीर दिसणारी खिडकी आणि माहितीत स्पष्ट लिहिलेले: लिफ्ट आहे. लिफ्ट होतीही, जाळीच्या दरवाजाची, पितळी कडीची. फक्त ती पहिल्या मजल्यापासून सुरू होत होती. तिथवर लाकडी जिना होता आणि त्याच्या बावीस पायऱ्या मी दोन दिवसांत इतक्या वेळा मोजल्या, की आजही तो आकडा डोक्यातून जात नाही. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कठडा एकाच बाजूला आणि उतरताना स्वतःची पावले पोटाआड दिसेनाशी. नवरा माझ्यापुढे एक पायरी ठेवून उलट्या तोंडाने उतरत असे, ते पाहून व्यवस्थापक खुर्ची घेऊन आला, पण खुर्ची काय कामाची? तेव्हा दूरध्वनी करून विचारा: लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे का, कमोड आहे का, न्हाणीघराची फरशी ओली झाल्यावर घसरते का, जास्तीच्या दोन उशा मिळतील का आणि खोली सकाळी अकराला मिळेल का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण अनेक ठिकाणी खोली दुपारी दोनला मिळते आणि सकाळच्या गाडीने आलेल्या गरोदर बाईला साडेतीन तास सामानाशेजारी बसवणे ही सहलीची वाईट सुरुवात आहे.

काय पाहावे, यापेक्षा कुठे बसता येईल, या हिशेबाने दिवस आखा. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी एक ठिकाण. त्याहून जास्त नको. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडते. आत सावली, बसायला जागा आणि स्वच्छतागृहे आहेत आणि एखाद्या लघुचित्रासमोर वीस मिनिटे बसून राहिले तरी कुणी विचारत नाही. १९२२ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही इमारत आणि १९२४ मधले गेटवे ऑफ इंडिया या दोन्ही जॉर्ज विटेट यांच्या रचना आहेत, हे एकदा लक्षात घेतले की दोन्ही पाहताना गप्पांना विषय मिळतो. तिथून जहांगीर कलादालन अगदी शेजारी. टाउन हॉल मात्र समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेतल्या बाकावरून पाहावा, कारण त्याच्या तीस पायऱ्या चढून वर जाण्याचा मोह आम्ही टाळला आणि बरे केले. घारापुरीचा विचारही करू नये; लाँचमध्ये चढण्या-उतरण्याची कसरत, तासाभराचा हेलकावा आणि मग शंभराहून अधिक पायऱ्या, हे बाळ तीन-चार वर्षांचे झाल्यावर त्याच्यासोबत करावे.

रविवारी सकाळी फोर्टमधले रस्ते ओस असतात आणि एरवी गर्दीत न दिसणाऱ्या दगडी इमारती निवांत पाहता येतात, म्हणून रविवार फोर्टसाठी राखावा. त्याच दिवशी उपनगरी मार्गांवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, असतो, त्यामुळे लोकलच्या भानगडीत पडू नये. आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली आहे आणि दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी आपल्या उपयोगाची स्थानके तिच्यावर आहेत. सरकते जिने आणि लिफ्ट असल्यामुळे मावशीकडे आम्ही तिनेच गेलो. जानेवारीतला तिसरा रविवार टाळावा, कारण त्या दिवशी मॅरेथॉनसाठी दक्षिण मुंबईतले रस्ते बंद असतात. फेब्रुवारीच्या आरंभी काळा घोडा महोत्सवाची गर्दी असते, तीही या अवस्थेत सोसत नाही.

खाण्याबाबत कठोरपणे सांगते, कारण मुंबईत पाय ठेवताच तिला चौपाटीवरच्या पाणीपुरीचे डोहाळे लागतील. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ एरवी बहुधा आपोआप बरी होते. परंतु गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, ती जिवावर बेतू शकते. म्हणून उघड्यावरचे पाणी, बर्फ, उसाचा रस, चटण्या आणि कापून ठेवलेली फळे पूर्णपणे वर्ज्य. गरम, समोर शिजलेले काहीही चालेल. मासे खात असाल, तर बांगडा आणि बोंबील उत्तम; मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, ते टाळावेत. माझे डोहाळे धोबी तलावच्या कयानीने भागवले. १९०४ पासूनचे ते इराणी दुकान आम्हाला सकाळी आठला जवळजवळ रिकामे मिळाले. ब्रुन पावाचा कडक पापुद्रा सुरीखाली करकरला, आतल्या पांढऱ्या गरावर लोणी ओघळले आणि मी तो तुकडा चहात बुडवून बशीवर तवंग येईपर्यंत धरून ठेवला. नवऱ्याने दुसरा मागवला, तोही मीच खाल्ला. दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, तेव्हा दोन कप चहाला हरकत नाही.

संध्याकाळ मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर घालवा आणि त्या वेळात दुसरे काहीही ठरवू नका. आमच्या दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, नणंद आणि आम्ही असे पाच जण राहतो, त्यामुळे बाळंतपण माहेरी नाशिकला की पुण्यात, हा विषय दोन महिने स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये कुजबुजीतच राहिला होता. त्या कट्ट्यावर आम्ही त्यावरून सूर्य बुडायच्या आधीपासून दिवे लागेपर्यंत मोकळ्या आवाजात भांडलो. मध्ये एक चणेवाला येऊन गेला, एका आजोबांनी सरकून जागा दिली आणि शेवटी ठरले, की बाळंतपण पुण्यात, माझ्याच डॉक्टरांकडे, आणि आई महिनाभर आमच्याकडे येईल. संग्रहालयापेक्षा हेच त्या सहलीचे खरे काम झाले, असे आम्हा दोघांना वाटते. पैशांचा, रजेचा, रात्री कुणी उठायचे याचा विषय तुमच्याकडेही असाच अडला असेल, तर तो सोबत न्या. मात्र एका संध्याकाळी एकच.

सामानात तपासण्यांची पूर्ण फाइल मूळ स्वरूपात घ्या, तिची छायाचित्रे दोघांच्या फोनमध्ये ठेवा, रक्तगट आणि डॉक्टरांचा क्रमांक कागदावरही लिहून ठेवा. लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, जुन्या मऊ चपला, पाण्याची मोठी बाटली आणि भाजलेले शेंगदाणे एवढे पुरे. रक्तस्राव, पोटात कळा, अंगावरून पाणी जाणे, अंधारी येऊन तीव्र डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल मंदावल्याची शंका, यांपैकी काहीही झाले तर परतीच्या गाडीची वाट न पाहता सरळ जवळचे रुग्णालय गाठावे.

परतीची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते आणि रविवारी खच्चून भरते. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणजे ॲनॉमली स्कॅनची तारीख मिळाली, की त्याच दिवशी पुढचे दोन-तीन रविवार पाहून ठेवावेत. आणि सोमवारची रजा शक्य असेल तर तिच्यासाठी नक्की टाका. मी टाकली नाही आणि त्या दिवशी कचेरीत बारा वाजताच टेबलावर डोके टेकून झोपले होते.